समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते काय?

‘नदीचे पाणी समुद्रात वाया जाते’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. अर्थशास्त्रात ‘वाया जाणे’ म्हणजे कोणाच्याही उपयोगी न पडणे. हा निकष नर्मदेच्या मुखाशी लावून पाहावा.

नर्मदा ज्या खंबातच्या आखाताला मिळते ते नरसाळ्यासारखे आहे. तोंडाशी रुंद, आत अरुंद आणि उथळ. आत शिरणारे भरतीचे पाणी चिंचोळ्या जागेत कोंडून उंच चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भावनगरजवळ भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरांच्या आसपास जाते. अशा उथळ भागात भरती थोड्या वेळात, जोराने चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. परिणामी भरतीने आत आणलेला सर्व गाळ ओहोटी परत नेऊ शकत नाही. उरलेले काम नदीने करावयाचे असते. पावसाळ्यातला पूर गाळ बाहेर लोटतो आणि एरवीचा प्रवाह खाऱ्या पाण्याला मुखाशी थोपवून धरतो. समुद्र दिवसातून दोनदा आपला हक्क सांगावयास येतो. नदी क्षीण झाली तर तो आत सरकतो, एवढाच याचा अर्थ.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५. या हिशेबात चार राज्ये आहेत, नदीमुख नाही. सरदार सरोवर पूर्ण उंचीचे होऊन २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्यानंतर २०१८ च्या उन्हाळ्यात भरूचकडील पात्रात गोड्या पाण्याचा प्रवाह अगदीच आटला आणि खारे पाणी आत चढले. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्याकडे येणाऱ्या हिलसा माशावर जगणारे मच्छीमार आणि काठचे शेतकरी यांनी त्याची किंमत मोजली. ही किंमत प्रकल्पाच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही. खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकला की कोणतीही योजना किफायतशीर ठरते!

नदीमुखाला पाण्याची गरज असते हे शासनाला ठाऊक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. कलकत्ता बंदर गाळाने भरू लागले तेव्हा गंगेचे ४० हजार क्युसेकपर्यंत पाणी भागीरथी-हुगळीकडे वळविण्यासाठी फराक्का बंधारा उभारण्यात आला व तो १९७५ साली सुरू झाला. त्या योजनेचे दुष्परिणाम बांगलादेशाने आणि हिलसानेही भोगले. तो स्वतंत्र विषय आहे. पण बंदरासाठी समुद्राकडे सोडलेले पाणी ‘आवश्यक’ आणि मच्छीमारासाठी सोडलेले ‘वाया’, हा भेद जलशास्त्राचा नव्हे, वर्गहिताचा आहे.

भरूचच्या खाली भाडभूत येथे नदीवर आडवा बंधारा घालण्याच्या कामाची पायाभरणी २०१७ साली झाली. खारे पाणी रोखणे आणि गोडे पाणी साठविणे हे त्याचे उद्देश सांगितले जातात. शेतकऱ्याची आणि भरूचकरांची पाण्याची गरज खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु वरचा प्रवाह तोडल्याने उद्भवलेल्या रोगावर खालची वाट बंद करणे हा उपाय कसा म्हणावा? भिंतीने खारे पाणी अडेल, तसा हिलसाचा मार्गही अडेल. आणि भिंतीच्या समुद्राकडील बाजूस भरतीने आणलेला गाळ कोण नेणार?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. वाटपाच्या हिशेबात नदीमुखाचा वाटा ऋतुमानानुसार आधी बाजूला काढावा. धरणातून सोडलेल्या पाण्याचे आणि खाडीतील क्षारतेचे आकडे दररोज जाहीर व्हावेत. मच्छीमारांचे प्रतिनिधी निर्णयात मताधिकारासह बसावेत. नंदुरबारच्या आदिवासींनी या धरणासाठी गावे गमावली. मुखाशी मच्छीमार उपजीविका गमावीत आहेत. एकाच नदीच्या या दोन टोकांचा लढा वेगळा मानण्याची चूक निदान आपण तरी करू नये.