मवाळ उमेदवार निवडून येतो का?

‘मवाळ’ आणि ‘जहाल’ हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात एका पानावर गोखले, दुसऱ्या पानावर टिळक, आणि घरातल्या थोरल्यांचा ओढा कोणाकडे त्यावर आपलाही ठरलेला. इथल्या हुजूर पक्षात, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात, नेता निवडायची वेळ आली की हीच जुनी वाटणी नव्या कपड्यांत समोर येते. एक गट म्हणतो, मवाळ माणूस द्या, मधली मते मिळतील. दुसरा म्हणतो, मवाळ माणूस दिलात तर आपलीच माणसे घरी बसतील. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना रिपब्लिकन मतदार हाच वाद घालतात. आपल्या मंडळातले काही जण हुजूर पक्षाचे वर्गणीदार आहेत, आणि फराळाच्या ताटाभोवती हा विषय निघतोच. म्हणून यंदा या सदरात त्याचाच थोडा हिशेब मांडतो.

आधी पद्धत पाहू. १९६५ पर्यंत या पक्षाचा नेता मतदानाने निवडलाच जात नसे. चार वजनदार मंडळी आपापसांत ठरवत. त्या वर्षी प्रथम खासदारांनी मते दिली आणि एडवर्ड हीथ नेते झाले. १९९८ मध्ये विल्यम हेग यांनी नियम बदलले. खासदारांनी गाळणी लावून दोन उमेदवार उरवायचे आणि त्यांतला एक देशभरच्या सभासदांनी निवडायचा. तेव्हापासून सभासदांवर खरी निवड करण्याची वेळ पाचदा आली: २००१, २००५, २०१९, २०२२ आणि २०२४.

२००१ मध्ये एका बाजूला केनेथ क्लार्क होते. अर्थमंत्रिपदाचा अनुभव, लोकांत ओळख, पण युरोपचे उघड समर्थक. दुसऱ्या बाजूला इयान डंकन स्मिथ, मास्ट्रिक्ट करारावर आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलेले. खासदारांच्या शेवटच्या फेरीत क्लार्क ५९ मतांनी पहिले होते. सभासदांनी मात्र डंकन स्मिथ यांना ६१ टक्के मते दिली. दोनच वर्षांत, ऑक्टोबर २००३ मध्ये, खासदारांनी ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतही ते पोहोचले नाहीत.

२००५ मध्ये त्याच सभासदांनी डेव्हिड कॅमेरन यांना ६८ टक्के मते दिली. कॅमेरन हे त्या वेळी मवाळ सुरात बोलणारे. समोरचे डेव्हिड डेव्हिस पक्षाच्या उजव्या बाजूचे लाडके होते. तीन सार्वत्रिक पराभवांनंतर सभासदांनी मवाळ निवडला, आणि २०१५ मध्ये त्याने २३ वर्षांनी पक्षाला निर्भेळ बहुमत मिळवून दिले. मवाळवाद्यांचे हे हुकमी पान.

जहालवाद्यांकडेही हुकमाची पाने आहेत. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांना ‘ही बाई फार टोकाची, देश हिला स्वीकारणार नाही’ असे म्हणणारे त्यांच्याच पक्षात कमी नव्हते. १९७९ मध्ये त्या ४३ च्या बहुमताने आल्या आणि पुढच्या दोन्ही निवडणुका जिंकल्या. २०१९ मध्ये सौम्य जेरेमी हंट यांना बाजूला सारून सभासदांनी बोरिस जॉन्सन निवडले. त्यांनी ८० चे बहुमत आणले. अमेरिकेतही दोन्ही बाजूंना दाखले मिळतात. १९६४ मध्ये कडव्या बॅरी गोल्डवॉटर यांना अवघी सहा राज्ये मिळाली. १९७६ मध्ये मवाळ जेराल्ड फोर्ड यांनी उमेदवारीत रोनाल्ड रेगन यांना हरवले आणि निवडणुकीत कार्टरांकडून स्वतः हरले. १९८० मध्ये रेगन ४४ राज्ये जिंकून आले.

म्हणजे दाखल्यांनी हा वाद सुटत नाही. सुटत का नाही, हे समजायला ग्लासगोत शिकवलेल्या डंकन ब्लॅक या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाचा १९४८ मधला एक विचार उपयोगी पडतो. तो मी आपल्या भाषेत, मिसळीवर सांगतो.

समजा अकरा जणांत मिसळीचा एकच टोप करायचा आहे. कोणाला किती तिखट हवे ते १ ते ११ अशा पायऱ्यांवर मांडा, प्रत्येक पायरीवर एक माणूस. दोन आचारी उभे राहिले. ज्याचे तिखट आपल्या आवडीच्या जवळ, त्याला मत. एका आचाऱ्याची मिसळ ४ ची आहे. त्याच्याविरुद्धचा आचारी फक्त तिखट खाणारे पाच जण, म्हणजे ७ ते ११, निवडणार आहेत. त्यांच्यातला मधला माणूस ९ वर आहे, म्हणून ते ९ चा आचारी देतात. मतदान झाले की १ ते ६ हे सहा जण ४ कडे जातात, ७ ते ११ हे पाच जण ९ कडे. तिखटवाले हरले. आता त्यांनी ७ चा आचारी दिला असता तर सहावा माणूस त्याच्याकडे वळला असता आणि ते सहा विरुद्ध पाच असे जिंकले असते. मवाळवाद्यांचा युक्तिवाद हा एवढाच, आणि तो गणिताने बरोबर आहे.

पण आता एक गोष्ट बदला. ७ चा आचारी पाहून १० आणि ११ वाले चिडून उठून गेले, किंवा त्यांनी कोपऱ्यावर स्वतःची गाडी टाकली. मग ७ कडे चारच मते उरतात आणि ४ वाला पाच मतांनी जिंकतो. जहालवाद्यांचा युक्तिवाद हा, आणि तोही गणिताने तितकाच बरोबर आहे. दोन्ही बाजू खरे बोलतात. फक्त प्रत्येक बाजू अर्धेच गणित मांडते.

कोपऱ्यावरची गाडी ही इथे कल्पनेतली नाही. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला २३.७ टक्के मते आणि १२१ जागा मिळाल्या, रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते आणि ५ जागा. मजूर पक्षाने ३३.७ टक्क्यांवर ४११ जागा घेतल्या. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ३८ होते, ती करून उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. ही बेरीज जशीच्या तशी धरता येत नाही, कारण रिफॉर्मचा प्रत्येक मतदार मुळात हुजूर पक्षाचा नव्हता. शिवाय त्याच निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट ७२ जागांवर पोहोचले आणि दक्षिण इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या हुजूर जागा त्यांनीच घेतल्या. गळती दोन्ही टोकांनी होती.

मग जिंकणाऱ्यांत समान काय असते? मला दिसते ते असे. जिंकलेला नेता मवाळ असो वा जहाल, त्याने निवडणुकीपूर्वी आपल्याच पक्षातल्या दुसऱ्या गटाची संमती मिळवलेली असते. थॅचर यांनी ज्यांना हरवले त्या विल्यम व्हाइटलॉ यांनाच उपनेते केले आणि त्या मवाळ गृहस्थाने त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. रेगन यांनी आपले मवाळ प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांना उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतले. कॅमेरन यांनी डेव्हिस यांना छाया गृहमंत्रिपदावर कायम ठेवले, आणि युरोपीय संसदेतल्या जुन्या गटातून बाहेर पडण्याचे वचन उजव्या बाजूला देऊन ते पुढे पाळले.

आपल्या देशातले उदाहरण तर एकाच माणसाचे आहे. १९८० मध्ये मुंबईच्या अधिवेशनात अटलबिहारी वाजपेयी यांनी भाजपपुढे गांधीवादी समाजवाद ठेवला; १९८४ मध्ये पक्षाला दोन जागा मिळाल्या आणि ग्वाल्हेरला स्वतः वाजपेयी माधवराव शिंद्यांकडून हरले. ती निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची होती हे खरे, तरी पक्षाने ‘मवाळपणा चालत नाही’ असाच धडा घेतला. पुढे १९९५ मध्ये, पुन्हा मुंबईतच, लालकृष्ण अडवाणींनी आपण होऊन वाजपेयींचे नाव पंतप्रधानपदासाठी जाहीर केले. १९९६ मध्ये १६१ जागा, १९९८ मध्ये १८२. माणूस तोच, स्वभाव तोच. मधल्या काळात बरेच काही बदलले होते, पण एक बदल ठळक होता. जहाल गटाच्या नेत्याने स्वतः त्यांचा हात वर धरला होता.

याला एक अपवाद आहे तो लपवत नाही. जॉन्सन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये क्लार्क यांच्यासह २१ खासदारांना पक्षाच्या गटातून काढले आणि तरी डिसेंबरात जिंकले. त्या वेळी नायजेल फराज यांच्या पक्षाने हुजूर पक्षाने आधी जिंकलेल्या जागांवर उमेदवार दिले नव्हते, म्हणजे कोपऱ्यावरची गाडी तिथे त्या दिवशी बंद होती. पण तीन वर्षांच्या आत त्यांना खाली खेचले ते त्यांच्याच मंत्र्यांनी आणि खासदारांनी. संमतीवाचून विजय मिळू शकतो, टिकवणे अवघड जाते.

आता आपल्या घरांत सर्वांत जास्त बोलल्या गेलेल्या निवडणुकीकडे येतो. २०२२ च्या उन्हाळ्यात खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक १३७ मतांनी पहिले आणि लिझ ट्रस ११३ मतांनी दुसऱ्या होत्या. सभासदांनी ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. सगळे मिळून मतदार इतके की वेम्ब्लीचे मैदान दोनदाही भरले नसते. पंतप्रधान त्यांनी ठरवला. ‘हरला तो रंगामुळे’ हे वाक्य तेव्हा आपल्याकडे फार ऐकू आले. रंगाचा वाटा शून्य होता असे मी म्हणणार नाही. माणसाच्या मनातले मोजायला फूटपट्टी नाही. पण दोनच वर्षांनी त्याच पक्षाच्या सभासदांनी रॉबर्ट जेनरिक यांना मागे टाकून नायजेरियन आईवडिलांच्या केमी बेडनॉक यांना ५६.५ टक्के मतांनी नेता केले. रंग हे एकच कारण धरले तर हा निकाल समजत नाही.

इतर कारणे डोळ्यांसमोर होती. सुनक यांनी अर्थमंत्री असताना नॅशनल इन्शुरन्स वाढवला होता. त्यांच्या राजीनाम्याने जॉन्सन पडले असे पुष्कळांचे मत होते, आणि १९९० मध्ये हेसेल्टाइन यांना कळले तसे, पाडणाऱ्याला गादी मिळत नाही. गंमत अशी की २०१६ च्या सार्वमतात सुनक युरोप सोडण्याच्या बाजूचे होते आणि ट्रस राहण्याच्या. तरी सभासदांना ट्रस अस्सल वाटल्या आणि सुनक मवाळ, कारण उसने पैसे काढून करकपात करू नका असे ते सांगत होते. मवाळ-जहाल हे शिक्के पुष्कळदा धोरणावर मारलेले नसतात. ऐकणाऱ्याला हवे ते कोण बोलतो, त्यावर मारलेले असतात.

२३ सप्टेंबरच्या छोट्या अर्थसंकल्पाने पौंड कोसळला, बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोख्यांच्या बाजारात उतरावे लागले आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. २४ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सुनक बिनविरोध नेते झाले. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण बिनविरोध म्हणजे संमतीने नव्हे. सभासदांनी त्यांना नाकारून दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्यांना पुन्हा विचारलेच गेले नाही. २०२४ चा पराभव केवळ यामुळे झाला असे नाही. १४ वर्षांच्या सत्तेचा शिणवटा, महागाई, इस्पितळांच्या रांगा होत्याच. तरी ज्या नेत्याला आपण निवडलेच नाही त्याच्यासाठी पावसात दारोदार पत्रके वाटायला किती हात पुढे येतात, हा प्रश्न उरतोच.

शेवटी पुन्हा आपल्या मवाळ-जहालांकडे. १९०७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदावरूनच भांडण झाले. मवाळांना रासबिहारी घोष हवे होते, जहालांना लाला लजपतराय. टिळकांच्या बाजूला बळ मिळेल म्हणून अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवले गेले. तिथे मंचावर भिरकावलेला महाराष्ट्री जोडा फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला, हे आपल्याला ठाऊक आहेच. मवाळांनी अध्यक्षपद राखले आणि संघटनाही. पुढे १९१६ मध्ये लखनौला दोन्ही बाजू एकत्र येईपर्यंत त्या संघटनेत पूर्वीचा जीव नव्हता. उमेदवारी जिंकली, माणसे गमावली.

इथे मतदान करायला ब्रिटिश पासपोर्टच लागतो असे नाही. कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचा म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. तेव्हा हा विषय आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचा आहे, पक्ष कोणताही असो. पुन्हा कधी नेता निवडण्याची मतपत्रिका घरी आली तर ‘हा जिंकेल का’ हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याचे उत्तर कोणालाच आधी कळत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर आपल्याच हातात आहे: माझा उमेदवार हरला आणि दुसरा नेता झाला, तर त्याची पत्रके वाटायला मी जाईन का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर उमेदवार मवाळ की जहाल याने फारसा फरक पडणार नाही.