लेकीचे एकटेपण आणि आपण

बालाघाटसारख्या गावात घराघरांची ओळख असते. एखाद्या घरची तरुण लेक गणेशोत्सवात, हळदीकुंकवात दिसेनाशी झाली की चौकशी होते आणि आईवडील म्हणतात, ‘अभ्यास आहे.’ त्या उत्तरामागे कित्येकदा आजार दडलेला असतो.

आपल्याला टाकून देतील ही पराकोटीची भीती, आज जिवलग वाटणारी मैत्रीण उद्या वैरीण वाटणे, अनावर संताप, स्वतःस इजा करणे, ही ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणे होत. समाज त्यास नाटक म्हणतो. खेदाची गोष्ट अशी की, आपले काही व्यवसायबंधूही तसेच म्हणतात.

या विकारावर हमखास औषध नाही. मानसोपचार हाच मुख्य उपाय आहे. त्यातील ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ मार्शा लिनेहान या अमेरिकन विदुषीने विकसित केली. तिचा ग्रंथ १९९३ साली आला. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे तिने २०११ साली जाहीरपणे सांगितले. स्वीकार आणि बदल यांची सांगड हे तिच्या पद्धतीचे सूत्र. पालकांनाही ते उपयोगी आहे. ‘तुला फार त्रास होतो आहे, हे मला दिसते,’ असे म्हणणे म्हणजे तिचे प्रत्येक वागणे मान्य करणे नव्हे. मर्यादा जरूर सांगाव्यात, पण शांतपणे सांगाव्यात. आत्मघाताचा उल्लेख मात्र कधीही धमकी समजून सोडू नये. तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

दीर्घकालीन पाहणीत असे दिसले की, बहुतेक रुग्णांची तीव्र लक्षणे काही वर्षांत ओसरतात; मैत्री, नोकरी, संसार यांची घडी मात्र सहज बसत नाही. म्हणजे आजार हटतो, एकटेपण उरते. ते दूर करणे एकट्या मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती नाही. तेथे समाज लागतो.

पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथे रुग्णांचे कुटुंबीय एकमेकांचा आधार झाले. आजार निराळा असला, तरी वाट तीच आहे.

उपचारासाठी आपण नागपूर गाठतो. पण परतल्यावर लेकीला राहायचे असते ते याच गावात. म्हणून आपल्या संस्थेने महिन्यातून एकदा अशा पालकांची बैठक भरवावी. एक डॉक्टर उपस्थित असावा आणि तेथील शब्द उंबरठ्याबाहेर जाऊ नये. आणि पुढच्या हळदीकुंकवाला त्या लेकीला आवर्जून बोलवावे. ती आली नाही, तरी पुन्हा बोलवावे.