लग्न मोडायला पोलीस येतात, गरोदर मुलीसाठी कोण येते?



अक्षय तृतीया जवळ आली की बालविवाह रोखण्याची पत्रके निघतात. ग्रामसेवकाला सूचना जाते, अंगणवाडी सेविकेला जाते. एखाद्या मंडपात पोलीस पोहोचतात, लग्न थांबते, दुसऱ्या दिवशी फोटोसह बातमी. आपले कार्यकर्तेही ती अभिमानाने पुढे पाठवतात. बालविवाह थांबलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्या मुलीचे लग्न कोणी थांबवले नाही आणि जी सोळाव्या वर्षी गरोदर आहे, तिच्यासाठी कोणते पत्रक निघते?

आणि अशा मुली थोड्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी 6.8. म्हणजे पुरोगामी म्हणून मिरवणारे आपले राज्य या बाबतीत देशाच्याही मागे आहे. परभणी आणि बीडमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर जाते.

बीडचे नाव आले की लोक "अडाणीपणा" म्हणून मोकळे होतात. अडाणीपणाचा हिशोब मुकादमाच्या वहीत बघा. ऊसतोडीला उचल मिळते ती जोडप्याला, जोडपे म्हणजे एक कोयता. एकटा पोरगा अर्धा कोयता. त्याचे लग्न लावले की घराचा एक कोयता पूर्ण होतो. दुसऱ्या बाजूला, सहा महिने आईबाप फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. हंगामी वसतिगृहे कागदावर असतात, मुलगी झोपडीत असते. मग लग्न. बंजारा, वंजारी, मातंग, बौद्ध, जी घरे कारखान्यांच्या फडावर राबतात त्या घरांतल्या या मुली आहेत. साखर गोड लागते ती त्यांच्या शाळेच्या बदल्यात.

आता ती गरोदर राहिली. पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी झाली तर हिमोग्लोबिन तपासले जाते, रक्तदाब बघितला जातो, फॉलिक अॅसिड सुरू होते. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया याच काळात पडतो. राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहे. तिचे स्वतःचे हाड अजून वाढत असते, त्यात झटके येण्याचा धोका, कमी वजनाचे मूल, अडलेले बाळंतपण. म्हणून सरकारी नियमाप्रमाणेच ती जोखमीची माता ठरते, म्हणजे तिने सगळ्यांच्या आधी दवाखान्यात यायला हवे. येते ती सगळ्यांच्या शेवटी.

का? कारण दवाखान्यात वय विचारतात. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठराखालची मुलगी गरोदर आहे हे कळले की डॉक्टरला, आशाताईला पोलिसांत कळवावेच लागते. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा. मुलगी विवाहित असली तरी फरक पडत नाही, 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरवला आहे. तो निकाल योग्यच होता. पण गावात त्याचा अर्थ एकच पोहोचला: दवाखान्यात गेलो तर नवरा आत जाईल. मग नोंदणी टळते, वय वाढवून सांगितले जाते, नाहीतर कोण्या खासगी डॉक्टरकडे गुपचूप पैसे मोजले जातात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत तर वयाची अटच आहे, त्यामुळे सर्वांत गरजू मातेला पाच हजारही नाहीत.

पोक्सो रद्द करा असे मी म्हणत नाही. मामा, चुलता, मालक यांनी नासवलेल्या मुलींना तोच एक आधार आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की तपासणी आणि तक्रार एकाच टेबलावर बसवू नका. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना दिलेल्या माहितीत उघड करण्याची गरज नाही असे सांगितले. गर्भपातासाठी हे चालते, तर जी मुलगी बाळंतपण करणार आहे तिच्या रक्ततपासणीसाठी का चालू नये? ही मागणी आपण लावून धरायला हवी होती. आपण मोर्चे कशाकशाचे काढले!

इथे आपल्यातलेच काही भाऊ म्हणतात, "हा बायकांचा विषय आहे, चळवळीचा नाही." त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. 1928 साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाची बाजू त्यांनी मांडली होती. 10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला, तो बाबासाहेबांनी तयार केलेला होता. तो फेटाळला गेला. रघुनाथराव कर्व्यांचा खटला कोर्टात कोणी लढवला? आणि त्याच्या कितीतरी आधी, 1863 साली, जोतीराव-सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा दाराशी आलेल्या गरोदर विधवेला आधी आसरा दिला, चौकशी नाही.

दुसरा आक्षेप थोडा गंभीर आहे: कुटुंबनियोजन म्हणजे बहुजनांची संख्या कमी करण्याचा डाव. शस्त्रक्रियेचे लक्ष्य पूर्ण करायला गरीब बायकांना टेबलावर झोपवणारे सरकार आपण पाहिले आहे, त्यामुळे संशय रास्त आहे. पण सतराव्या वर्षी गर्भनिरोधकाची माहिती मागणारी मुलगी कोणाचे लक्ष्य पूर्ण करत नसते. ती बारावीची परीक्षा द्यायची म्हणत असते. तिला माहिती नाकारण्यातच डाव आहे.

आणि ती नाकारली जातेच. 2007 साली याच राज्यात शाळेतले लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली बंद पाडले गेले. आशाताईच्या वहीत जननक्षम जोडप्यांची यादी असते. अविवाहित मुलगी त्या यादीत नाही, म्हणजे निरोध, गोळ्या तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. नवविवाहितेचे नाव असते, पण पहिल्या मुलाआधी साधन घ्यायचे म्हटले तर सासू विचारते, "वांझ राहायचंय का?" अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे किती वस्त्यांत माहीत आहे?

ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी "मैत्री" क्लिनिक आहेत. आपल्या तालुक्यातले कोणत्या दिवशी, किती वाजता उघडते, तिथे समुपदेशकाचे पद भरलेले आहे का, पडद्यामागे बोलायची सोय आहे का, एवढे तरी जाऊन बघा. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी वस्तीतून गाडीची सोय करायला जयंतीच्या डीजेच्या खर्चातला छोटा हिस्सा पुरतो. विहारात रविवारी मुलामुलींना एकत्र बसवून, एखाद्या परिचारिका ताईला बोलावून, पाळी, गर्भधारणा आणि नकार याबद्दल बोलता येते. मुलांना बाहेर पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलीला गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते, म्हणून आईबापांचीही बैठक घ्या, आणि मुदतीचे आठवडे त्यांना बोटांवर मोजून सांगा. ऑक्टोबरमध्ये टोळ्या निघतील. त्याआधी हे झाले तर फडावर जाणाऱ्या गरोदर मुलीच्या पिशवीत निदान माता-बाल संरक्षण कार्ड आणि लोहाच्या गोळ्या असतील.