सागवानाच्या खोडातील दुष्काळाची नोंद

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात पेणच्या खारेपाटात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाची बेरीज आणि जमिनीत मुरलेले पाणी यांत मोठे अंतर असते. पर्जन्यमापकाला ते कळत नाही. झाडाला कळते, आणि त्याची नोंद खोडातील वार्षिक वर्तुळांत राहते.

पाण्याची ओढ बसली की झाड पानांवरील रंध्रे मिटून घेते. पानात कार्बन डायऑक्साइड कमी पोहोचतो. एरवी हलका कार्बन-१२ वेचणाऱ्या झाडाला मग जड कार्बन-१३ अधिक प्रमाणात स्वीकारावा लागतो आणि तो त्या वर्षीच्या लाकडात कायम राहतो. ऑक्सिजनची समस्थानिके दुसरी बाजू सांगतात. जोरदार पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन-१८ कमी असतो. हवा कोरडी होऊन पानांतून बाष्पीभवन वाढले की त्याचे प्रमाण वाढते.

असा अभ्यास जगात प्रामुख्याने सूचिपर्णी वृक्षांवर झाला. भारतातही अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील आर. रमेश व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काश्मीरमधील फर वृक्ष तपासले. कोकणात नैसर्गिक सूचिपर्णी वने नाहीत. अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावरील सुरू तसा भासतो, पण तो मुळात सपुष्प वृक्ष आहे. इथला भरवशाचा साक्षीदार म्हणजे साग. कोरड्या ऋतूत तो पाने गाळून विसावतो, त्यामुळे त्याची वर्तुळे स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर यांनी शेजारच्या ठाणे परिसरातील सागाची वर्तुळे व हवामान यांचा संबंध १९८३ मध्येच मांडला होता. एकाच वर्तुळाचे बारीक तुकडे तपासून पावसाळ्यातील खंडही ओळखता येतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

कोकणाच्या दृष्टीने हीच बाब कळीची आहे. चार दिवसांत कोसळून तीन आठवडे दडी मारणारा पाऊस सरासरी गाठतो, पण भाताचे रोप आणि विहीर दोन्ही कोरडी ठेवतो. असे खंड पूर्वी किती वेळा पडले, हे कळल्याशिवाय आजचे नियोजन अंदाजावरच चालणार.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एका झाडावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि उतारावरचा साग व ओढ्याकाठचा साग सारखी साक्ष देत नाहीत. म्हणूनच नमुने अनेक हवेत. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्यात असंख्य झाडे पाडली. पडलेला जुना साग ओंडका म्हणून विकला गेला की त्यातील नोंदही करवतीखाली जाते. लिलावापूर्वी बुंध्याची एक चकती कापून, तिच्यावर ठिकाण व तारीख लिहून ती संशोधन संस्थेकडे पाठवणे हे फारसे खर्चाचे काम नाही. पुढचे वादळ येण्याआधी ती पद्धत रुळली पाहिजे.