बल्लारशाचा फलाट
पन्नाशी उलटली की चंद्रपूर-गडचिरोलीचा सरकारी नोकर बल्लारशाच्या फलाटावर निवृत्तीनंतरची स्वप्नं पाहू लागतो. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग इथूनच जातो. वर हरिद्वार, खाली रामेश्वर. ५८ व्या वर्षी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीत आधी मुलीचं लग्न, मग घराचा स्लॅब आणि उरलंच काही तर चारधाम! इकडे जग ताडोब्याला येतं, पण आलापल्लीत उभी नोकरी काढलेल्यानेही ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या जंगलातले जुने सागवान धड पाहिलेले नसतात, २०१४ मध्ये ते जंगल जैवविविधता वारसा स्थळ झालं तरीही. माझं ऐकाल तर पहिला मुक्काम भामरागडला टाका. इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा तिथे भेटतात. फक्त पावसाळा टाळा, पर्लकोटेच्या पुराने तो रस्ता कितीदा तरी बंद पडलाय.