तिथीला पाऊणपट

बॉस, आपल्यापैकी निम्म्या लोकांची वीकेंडची कल्पना ठरलेली असते. शुक्रवारी लॉग आऊट, शनिवारी समुद्र, रविवारी फोटो अपलोड. माझीही तशीच होती. यंदा फरक एवढाच की सोबत ग्रुप नव्हता, अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही राजूरचे. जालना जिल्हा, तालुका भोकरदन. राजुरेश्वर गणपतीचं गाव. अंगारकीला जालन्याहून माणसं रात्रभर पायी चालत येतात, ते. समुद्राचा आणि आमचा संबंध शाळेतल्या नकाशापुरता. पासष्टी उलटलेल्या अण्णांनी तो प्रत्यक्ष कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं, चला, दाखवूच.

शनिवारी फणसाडला गेलो. मुरूड-रोहा भागातलं हे अभयारण्य. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं.  सुपेगावला वनखात्याची राहायची साधी सोय आहे. एसी, टीव्ही, रूम सर्व्हिस मागणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. इथे मिळते सावली, वर झेपावणारा शेकरू आणि गारंबीचे मांडीएवढे जाड वेल. पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात. जनावरं त्यावरच जगतात. अण्णा गाणापाशी बराच वेळ बसून राहिले. २०१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेला माणूस तो. एवढंच म्हणाले, "जनावराचं पाणी राखून ठेवलंय. बरं केलं."

रविवारी काशीद. पांढरी वाळू, सुरूची झाडं, घोडागाडी, शहाळी. अण्णांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "एवढं पाणी, अन् एक घोट कामाचा नाही!"

मी मात्र कपडे काढून सरळ आत. का नाही जाणार? पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला गडी मी. साडेचार वाजले होते. छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो, लाट आली, गेली, आणि जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. मागे वळलो तर किनारा लांब. जोर लावून सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागलो. दहा हात मारले, जागेवरच. वीस मारले, थोडा मागेच. विहिरीचं पाणी आपली वाट बघत थांबतं हो, समुद्राचं नाही.

काठावरून अण्णा ओरडत होते, "माघारी ये! माघारी ये!" ते ऐकू येत होतं आणि तेच जमत नव्हतं. तेवढ्यात शहाळीवाले काका धावत आले. हातवारे करून ओरडले, "सरळ नको! आडवा जा, आडवा!" गेलो आडवा, किनाऱ्याला समांतर. थोड्या अंतरावर ओढ सुटली आणि मग लाटांनीच ढकलत आणून टाकलं. वाळूवर पालथा पडलो. अण्णा काही बोलले नाहीत. नुसता दंड धरून बसले, घट्ट.

काकांनी शहाळं फोडलं आणि क्लास घेतला. "आज तिथी कोणती?"

"संकष्टी," अण्णा म्हणाले. त्यांचा उपास होता.

"चौथ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. आता ओहोट लागलीय. पाणी बाहेर ओढतंय आणि तुमचा मुलगा आत गेला."

तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ! कोकणातल्या माणसांचा हा साधा हिशेब. माझ्या खिशात भारीतला फोन, त्यावर भरतीचं वेळापत्रक दोन मिनिटांत मिळालं असतं. पाहिलंच नव्हतं.

याच किनारपट्टीवर मुरूडला फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा आपण हळहळलो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा निघालो. म्हणून दोस्तांनो, एवढं कराच. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. स्थानिक माणसाला विचारा, तो नको म्हणाला तर नको. ओहोटीत आणि पावसाळ्यात आत शिरू नका. 'घेऊन' गेल्यावर पाण्यात पाऊल तर अजिबात नको. ओढ लागलीच तर भांडू नका, आडवे जा. आणि बुडणाऱ्याला वाचवायला पोहत धावू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

सोमवारची रजा टाकलेली होती, म्हणून रात्री तिथेच राहिलो. नऊच्या सुमारास झाडांमागून चंद्र वर आला. अण्णांनी हात जोडले, उपास सोडला आणि पहिला घास माझ्या पानात ठेवला.

"चाळीस वर्षं चतुर्थी धरतोय," ते म्हणाले, "तिचा हा उपयोग आज कळला."