आधी आतली माणसं मोजा, मग तोफ

२६ जानेवारीची परेड असो की सीमेवरची बातमी, पट्ट्यांवर चालणारी आणि वर तोफ असलेली कुठलीही गाडी दिसली की आपले चॅनलवाले ओरडतात, 'टँक!' आम्ही पत्रकारही हेडिंगमध्ये 'रणगाडा' ठोकून मोकळे होतो. पण यातल्या बऱ्याच गाड्या रणगाडे नसतात. त्या पायदळाच्या जवानांना आत बसवून नेणाऱ्या चिलखती गाड्या असतात. यांत्रिकी पायदळाचं केंद्र आपल्या नगरात (आता अहिल्यानगर) आहे, तेव्हा निदान आपल्याला तरी हा फरक कळायला हवा.

वरच्या फिरत्या बुरुजाला टरेट म्हणतात. तो आला कसा, ते बघा.

अमेरिकेची एम-११३ ही गाडी १९६० च्या सुमारास आली. ॲल्युमिनियमचं चिलखत, आत ११ जवान, वर एक मशीनगन. गनर मात्र अर्धा बाहेर उभा. जानेवारी १९६३ मध्ये व्हिएतनाममधल्या आप बाक इथल्या लढाईत असे डझनभराहून जास्त गनर एकाच दिवसात मारले गेले. मग बंदुकीभोवती पोलादी आडोसे आले. ऑस्ट्रेलियाने तर छोटं बंद टरेटच बसवलं. पुढे त्यांनी सॅलडिन या चिलखती गाडीचं ७६ मिमी तोफेचं टरेट काही एम-११३ वर चढवलं. म्हणजे सुरुवात झाली गनरचा जीव वाचवण्यापासून, आणि गाडी पोचली तोफगाडी होण्यापर्यंत.

पण जागा तेवढीच राहते ना भाऊ! एम-११३ वरूनच पुढे एआयएफव्ही ही गाडी निघाली, नेदरलँड्सने ती घेतली. २५ मिमी तोफेचं टरेट बसलं आणि मागे जागा उरली ७ जवानांची. आपल्या बीएमपी-२ 'सारथ'चंही तेच. ३० मिमी तोफ, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, आणि मागे ७ जवान. चिलखत मात्र रणगाड्याच्या मानाने पातळच. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या बीएमपी-२ किती जळाल्या, ते जगाने पाहिलंय.

माझा मुद्दा इथेच आहे. तोफ दिसली की वरिष्ठांनाही त्या गाडीकडून रणगाड्याचं काम करून घ्यायचा मोह होतो. मार खातात ते मागे बसलेले.

इस्रायलने उलटा विचार केला. जुलै २०१४ मध्ये गाझात एका जुन्या एम-११३ वर रॉकेट आदळलं, ७ सैनिक गेले. त्यांच्याकडे तेव्हा नामेर ही नवी गाडीही होती. रणगाड्याच्या सांगाड्यावर बांधलेली, वजन ६० टनांच्या घरात, आणि वर मोठी तोफ नाही, फक्त आतून चालवायची मशीनगन. सगळा भार जवान वाचवण्यावर.

आता कोणी म्हणेल, आपल्याला एवढी जड गाडी चालेल का? प्रश्न रास्त आहे. पंजाबातले कालवे, पूल, लडाखची उंची हे सगळं बघावं लागतं. सारथ साधारण १४ टनांची, पाण्यावर तरंगते, म्हणून तर ती आपल्याला सोयीची पडली. टरेट नकोच असंही मी म्हणत नाही. गनरला खाली सुरक्षित बसवून चालवता येणारी टरेट आता आहेत, त्यात आतली जागाही वाचते.

सारथच्या जागी नवी गाडी आणायची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. २०२१ मध्ये लष्कराने १,७५० गाड्यांसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. ती गाडी अजून पलटणीत आलेली नाही. येईल तेव्हा चॅनलवर पहिला प्रश्न असेल, तोफ किती मिमीची?

आपण दुसरे प्रश्न विचारू. आत किती जण बसतात? खाली सुरुंग फुटला तर तळ टिकतो का? वरून ड्रोन आला तर काय?

मागच्या बाकावर आपल्याच गावची पोरं बसणार आहेत. तुमच्या घरातलं कोणी यांत्रिकी पायदळात असेल, तर काय वाटतं ते कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त युनिट आणि ठिकाण लिहू नका.